एक आणि अनेक : व्हिडिओ खेळांतील बहुशत्रू-संग्रामाचे स्वरूप

१. प्रश्न

एका योद्ध्याने एकाच वेळी अनेक शत्रूंशी झुंज द्यावी, हा प्रसंग महाकाव्यांत, बखरींत आणि पोवाड्यांत पुनःपुन्हा येतो. गेल्या सुमारे अर्धशतकात तोच प्रसंग व्हिडिओ खेळांच्या पडद्यावर अगणित वेळा मांडला गेला आहे. या खेळांत यश मिळते ते बोटांच्या चपळाईने, असा एक सर्वसाधारण समज आहे. चपळाई लागते हे खरे. तथापि तिने सर्व गोष्टींचा उलगडा होत नाही. सारख्याच चपळाईचे दोन खेळाडू घेतले, तर त्यांपैकी एक दहा शत्रूंच्या गराड्यातून सुखरूप बाहेर पडतो आणि दुसरा तिसऱ्या-चौथ्या शत्रूशीच संपतो. हा भेद कशामुळे पडतो, याचा गणित, इतिहास आणि खेळरचना या तिन्ही अंगांनी विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विवेचनास लागणारे साहित्य फार दूर शोधावे लागत नाही. मुळशी तालुक्यातील भरे हे गाव मध्यबिंदू कल्पिले, तर त्याच्या पूर्वेस पुणे शहर येते. तेथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने निर्माण केलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा युद्धप्रधान खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. पश्चिमेस सह्याद्रीची धार येते. याच पर्वतरांगेच्या घाटांत आणि खिंडींत सतराव्या शतकात थोड्यांनी पुष्कळांना अडविल्याची उदाहरणे घडली आहेत. पडद्यावरील अंगण आणि डोंगरातील खिंड यांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. परंतु दोन्ही ठिकाणी सोडवावयाचा प्रश्न एकच आहे : एकदम अंगावर येणाऱ्या अनेकांना एकामागून एक यावयास कसे भाग पाडावे?

२. गणिताची बाजू

प्रथम एक साधे गणित मांडणे उपयुक्त ठरेल. नायक एकटा आहे. एका शत्रूस मारण्यास त्याला काळाचे एक माप लागते. आणि प्रत्येक जिवंत शत्रू तेवढ्या काळात नायकाची एक माप हानी करतो, असे समजू. शत्रू दहा असून ते सर्व एकाच वेळी प्रहार करीत असतील, तर पहिला मरेपर्यंत दहा, दुसरा मरेपर्यंत नऊ, याप्रमाणे हानी होत जाईल. दहापासून एकपर्यंतच्या संख्यांची बेरीज ५५ होते. आता तेच दहा शत्रू एकेक करून समोर आले, तर एकूण हानी केवळ १० होते. नायकाचे बळ तेच, शत्रूंचे बळ तेच, शत्रूंची संख्याही तीच. बदलली आहे ती केवळ त्यांच्या येण्याची रीत, आणि तेवढ्याने हानी साडेपाच पटींनी घटली आहे. एका वेळी दोघांनाच प्रहार करता येईल अशी व्यवस्था झाल्यास हानी १९ होते. तिघांना करता येईल अशी झाल्यास २७.

यावरून असे दिसते की, या लढतीत निर्णायक ठरणारी राशी शत्रूंची एकूण संख्या ही नसून एका क्षणी प्रहार करू शकणाऱ्या शत्रूंची संख्या ही आहे. सैन्यांच्या बाबतीत हाच विचार इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९१६ साली ग्रंथरूपाने मांडला होता. ज्या युद्धात दोन्ही पक्षांतील प्रत्येक जण प्रतिपक्षातील कोणावरही मारा करू शकतो, तेथे संख्येचा प्रभाव तिच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. ज्या युद्धात माणसास माणूस भिडतो आणि मागचे मागेच राहतात, तेथे तो केवळ संख्येच्याच प्रमाणात पडतो. पहिल्यास वर्गनियम आणि दुसऱ्यास रेषीय नियम असे म्हणता येईल. थोड्यांनी पुष्कळांशी लढण्याचे कौशल्य म्हणजे वर्गनियमाच्या प्रदेशातून शत्रूस ओढून रेषीय नियमाच्या प्रदेशात आणण्याचे कौशल्य होय.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे : शत्रू मरत गेले म्हणजे उरलेल्यांचे बळ तेवढेच राहते. हे नेहमीच खरे नसते. १९७८ सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या जपानी खेळात ५५ आक्रमक पाच रांगांत उतरत येतात. ते कमी होत जातात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो. तत्कालीन यंत्रास कमी आकृत्या लवकर रेखाटता येत, यातून हा वेग उद्भवला आणि रचनाकार तोमोहिरो निशिकादो याने तो तसाच ठेवला. परिणामी शेवटचा एकटा शत्रू पहिल्या दहांपेक्षा अवघड होऊन बसला. गणितातील गृहीत बदलले म्हणजे डावही बदलतो, याची ही आरंभीचीच साक्ष आहे.

३. जागा

शत्रूंना ओळीने यावयास लावण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे जागेची निवड. खिंड, दार, पूल, जिना ही स्थाने एकट्याची शक्ती वाढवीत नाहीत. ती अनेकांची शक्ती कुंठित करतात.

जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा पाठलागावरील सैन्यास बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या मावळ्यांनी घोडखिंडीत रोखून धरले. दोन्ही बाजूंच्या संख्येविषयी साधनांत एकवाक्यता नाही. परंतु पाठलाग करणारे कितीतरी अधिक होते, याविषयी वाद नाही. खिंडीच्या मुखाशी एका वेळी भिडू शकणारी माणसे मोजकीच असल्यामुळे मागच्या शेकडोंचा पुढच्यांस उपयोग नव्हता. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १६६१ मध्ये, लोणावळ्याजवळील कुरवंडे घाटाने कोकणात उतरणारे कारतलबखानाचे मोगल सैन्य उंबरखिंडीत कोंडले गेले आणि सामानसुमान टाकून त्यास परतावे लागले. ही जागा मुळशीच्या डोंगरपट्ट्यास लागूनच आहे. दोन प्रसंगांतील भेद लक्षात घेण्यासारखा आहे. घोडखिंडीत थोड्यांनी अरुंद जागेचे तोंड अडविले. उंबरखिंडीत थोड्यांनी पुष्कळांना अरुंद जागेच्या पोटात येऊ दिले आणि स्वतः झाडी व उंचवटे धरून मारा केला. पहिल्यात शत्रूची संख्या दाराबाहेर निरुपयोगी झाली, दुसऱ्यात ती आतच अडचण होऊन बसली. अर्थात, उंबरखिंडीत वर्गनियम नाहीसा झाला नाही. तो केवळ थोड्यांच्या बाजूने उलटविला गेला.

व्हिडिओ खेळांत हे दोन्ही डाव नित्य दिसतात. खोलीत शिरून मध्यभागी उभा राहणारा नवखा खेळाडू चारी बाजूंनी मार खातो. जाणता खेळाडू उंबऱ्याबाहेर थांबतो आणि शत्रूंना दारातून येऊ देतो. जेथे दारच नाही तेथे तो भिंतीस किंवा कोपऱ्यास पाठ लावतो. या दुसऱ्या उपायाची किंमत मात्र ध्यानात ठेवावी लागते. कोपरा मागील प्रहार बंद करतो, तसाच मागे सरण्याचा मार्गही बंद करतो. दुरून बाण किंवा गोळी सोडणारे शत्रू असतील तर कोपरा हा आसरा न राहता पिंजरा होतो.

४. पवित्रा आणि शस्त्र

जागा अनुकूल नसेल तेव्हा खेळाडूस स्वतःच्या हालचालीने खिंड निर्माण करावी लागते. मोकळ्या मैदानात चार शत्रू चार दिशांनी येत असता नायक स्थिर राहिला, तर ते एकाच वेळी पोहोचतात. तो त्यांच्यातील एका टोकाकडे वळून सरकत राहिला, तर जवळचा शत्रू लांबच्यांच्या वाटेत येतो आणि गराड्याची रांग होते. मर्दानी खेळांच्या परिभाषेत ज्यास पवित्रा म्हणतात, त्याचे मर्म हेच आहे. पाय कोठे पडतात यावरून हात किती जणांशी गुंतणार हे ठरते. १९८४ सालच्या ‘स्पार्टन एक्स’ या खेळात शत्रू केवळ डावीकडून आणि उजवीकडून येत असल्यामुळे हा प्रश्न दोन दिशांपुरता होता. १९८२ सालच्या ‘रोबोट्रॉन : २०८४’ मध्ये मात्र शत्रू सर्व बाजूंनी येत. तेथे चालण्यासाठी एक आणि मारा करण्यासाठी दुसरा, असे दोन दांडे खेळाडूच्या हाती दिले होते. एका दिशेने सरकत दुसऱ्या दिशेस मारा करता येणे, ही त्या रचनेची मोठी देणगी होय.

शस्त्राचा विचार करताना दांडपट्ट्याचे उदाहरण बोधप्रद आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने राज्यशस्त्र म्हणून घोषित केलेल्या या शस्त्राची मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी आवरणात असते आणि पाते लांब, सरळ व लवचीक असते. आवरणामुळे मनगट मोडत नाही. म्हणून वार खांद्यातून आणि कमरेतून येतो आणि पात्याची फेर मोठी पडते. अशा फेरीचे कार्य केवळ कापणे हे नसते. फिरते पाते योद्ध्याभोवती एक वर्तुळ आखते आणि त्या वर्तुळात पाऊल टाकण्यास प्रत्येक शत्रूस विचार करावयास लावते. मागील गणिताच्या भाषेत सांगावयाचे, तर ते एका क्षणी प्रहार करू शकणाऱ्यांची संख्या घटविते.

व्हिडिओ खेळांत अशी ‘फेरी’ बहुधा कमी जोराची पण अनेकांना लागणारी असते, तर सरळ वार अधिक जोराचा पण एकासच लागणारा असतो. कोणता वार केव्हा वापरावा, याचेही उत्तर गणितातून मिळते. समोर चार शत्रू आहेत आणि सर्वांना लागणाऱ्या फेरीचा जोर सरळ वाराच्या निम्मा आहे, असे समजू. सरळ वारांनी एकेकास मारल्यास हानी ४, ३, २, १ मिळून १० होते. फेरीने चौघेही काळाच्या दोन मापांनंतर एकदम मरतात आणि हानी ८ होते. म्हणजे येथे फेरी सरस ठरते. फेरीचा जोर एक-तृतीयांश असता तर हानी १२ झाली असती, आणि सरळ वारच बरा ठरला असता. सामान्यतः फेरीच्या जोराचे सरळ वाराशी असलेले प्रमाण, दोन भागिले शत्रूंच्या संख्येहून एकाने अधिक, या राशीपेक्षा मोठे असेल तरच फेरी लाभाची. चार शत्रूंसाठी ही सीमा दोन-पंचमांश येते. नऊ शत्रूंसाठी एक-पंचमांश. गर्दी वाढते तशी दुबळी फेरीही उपयुक्त ठरते, आणि गर्दी पातळ होताच सरळ वाराकडे वळणे इष्ट असते.

५. निवड

सर्व शत्रू सारखे नसतात. तेव्हा आधी कोणास मारावे हा प्रश्न उभा राहतो. येथे नवख्याची दृष्टी आकाराने फसते. एक राक्षस दर क्षणास पाच माप हानी करतो आणि त्यास मारण्यास दहा क्षण लागतात. एक धनुर्धर दर क्षणास तीनच माप हानी करतो, पण तो दोन क्षणांत मरतो, असे समजू. राक्षसास प्रथम मारल्यास पहिल्या दहा क्षणांत दोघांची मिळून ८० आणि नंतर धनुर्धराची ६, अशी ८६ माप हानी होते. धनुर्धरास प्रथम मारल्यास १६ आणि ५० मिळून ६६ च होते. नियम असा निघतो की, प्रत्येक शत्रूच्या हानिकारकतेस त्यास मारण्यास लागणाऱ्या काळाने भागावे आणि ज्याचा भागाकार मोठा त्यास आधी गाठावे. कारखान्यातील कामांचा अनुक्रम लावण्यासंबंधी डब्ल्यू. ई. स्मिथ याने १९५६ साली सिद्ध केलेला नियम नेमका हाच आहे. तेथे ताटकळणाऱ्या कामांचा खर्च मोजावयाचा असतो, येथे जिवंत शत्रूंचा.

या नियमातून एक उपसिद्धांत निघतो. अर्धमेला शत्रूही पूर्ण जोराने प्रहार करतो. म्हणून चौघांना थोडे थोडे जखमी करण्यापेक्षा एकास पूर्ण संपविणे हितावह होय. जखमी होताच शत्रूचा प्रहार खंडित होतो अशी खेळाची रचना असेल, तर मात्र हा उपसिद्धांत बदलतो.

निवडीचा आणखी एक प्रकार म्हणजे शत्रूस शत्रूशी भिडविणे. १९९३ सालच्या ‘डूम’ या अमेरिकन खेळात एका राक्षसाने सोडलेला अस्त्रगोल चुकून वेगळ्या जातीच्या राक्षसास लागला, तर तो उलटून त्याच्यावर तुटून पडतो. जाणते खेळाडू मुद्दाम दोघांच्या मधोमध उभे राहून ऐन वेळी बाजूस होतात. साम, दाम, दंड, भेद या उपायांपैकी ‘भेद’ येथे नीतिशास्त्रातून थेट खेळाच्या नियमांत उतरलेला दिसतो.

६. पाळी

येथपर्यंतचे उपाय खेळाडूच्या हातचे होते. परंतु बहुतेक युद्धप्रधान खेळांत आणखी एक व्यवस्था पडद्यामागे चालू असते आणि ती शत्रूंवर बंधन घालते. १९८० सालच्या ‘पॅक-मॅन’ मध्ये चार भुते नायकाचा पाठलाग करतात. त्यांपैकी एक थेट मागे लागते आणि दुसरे नायकाच्या चार घरे पुढची जागा गाठू पाहते, अशा रीतीने प्रत्येकाचा स्वभाव निराळा ठेवला आहे. तथापि पाठलाग अखंड चालत नाही. पहिल्या पातळीवर आरंभी सात सेकंद भुते आपापल्या कोपऱ्यांकडे पांगतात, मग वीस सेकंद पाठलाग होतो, आणि पुन्हा ती पांगतात. खेळाडूस मिळणारी उसंत ही त्याची कमाई नसून रचनाकाराने दिलेली सवलत असते.

पुढील काळात ही सवलत अधिक सूक्ष्म झाली. २०१२ सालच्या ‘किंगडम्स ऑफ अमालूर : रेकनिंग’ या खेळाची अंतर्गत व्यवस्था तिच्या रचनाकारांकडून पुढच्याच वर्षी विवेचनासह प्रसिद्ध झाली. तीत नायकाभोवतीच्या जागेचे खण पाडलेले असतात. प्रत्येक शत्रूस आणि प्रत्येक प्रहारास एक भार दिलेला असतो. नायकाभोवती एका वेळी किती भार जमू द्यावयाचा, याची मर्यादा ठरलेली असते आणि शत्रूस प्रहारापूर्वी अनुज्ञा मागावी लागते. मर्यादा भरली असेल तर तो घिरट्या घालतो आणि आपल्या पाळीची वाट पाहतो. २००९ सालच्या ‘बॅटमॅन : अर्खम असायलम’ मध्ये प्रहार करू पाहणाऱ्या शत्रूच्या डोक्यावर खूण उमटते, तीमुळे गर्दीतील धोका नेमका कोठून येणार हे खेळाडूस आधीच कळते. दहांच्या गराड्यात उभा असलेला नायक वस्तुतः एका वेळी एक-दोघांशीच लढत असतो. दहांचा भास आणि दोघांचे गणित, या दोहोंच्या मेळातून पराक्रमाची भावना निर्माण केली जाते.

ही कल्पना भारतीय वाचकास अपरिचित नाही. एकाशी एकानेच लढावे, हा धर्मयुद्धाचा संकेत महाभारतात नैतिक बंधन म्हणून येतो. खेळात तेच बंधन आज्ञावलीत लिहिलेले असते. संकेत मोडला म्हणजे काय होते, हे द्रोणपर्वातील अभिमन्युवधाने दाखविले आहे. चक्रव्यूहात शिरलेल्या अभिमन्यूस पाठबळ देऊ पाहणाऱ्या पांडवांना जयद्रथाने बाहेरच रोखले, आणि आत सहा महारथींनी मिळून त्याला निःशस्त्र व रथहीन केले. एकेकाशी लढताना जो अजिंक्य ठरला, तो पाळी सुटताच टिकला नाही. महारथींचे बळ त्या क्षणी वाढले नव्हते. केवळ त्यांनी एकामागून एक येण्याचे सोडले होते.

७. ‘राजी’चे उदाहरण

पुण्यात घडलेल्या ‘राजी’ या खेळात हे सर्व धागे एकत्र पाहावयास मिळतात. नायिका राजी ही खेळ-तमाशे करणाऱ्या मंडळीतील कसरतपटू मुलगी आहे. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात ती निघते आणि दुर्गेकडून तिला त्रिशूळ मिळतो. ती असुरांपेक्षा बलवान नाही. म्हणून रचनाकारांनी तिचे सामर्थ्य हालचालीत ठेवले आहे. बंदिस्त अंगणात असुरांची टोळी समोर येते, तेव्हा राजी भिंतीवरून धावत येऊन किंवा खांबास गिरकी घेऊन प्रहार करते. इतर खेळांत भिंत ही पाठ लावण्याची जागा असते. येथे ती गराड्याबाहेर पडण्याची वाट होते. नायिकेचा व्यवसाय आणि लढतीचे गणित यांची अशी सांगड पडल्यामुळे कसरत ही शोभेची बाब राहत नाही. २०२० सालच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ मध्ये पदार्पणातील उत्कृष्ट खेळाच्या विभागात ‘राजी’चा नामनिर्देश झाला होता.

८. हेतूचा भेद

वरील विवेचनात आरंभापासून एक माप गृहीत धरले आहे : नायकाची हानी कमीत कमी व्हावी. बहुसंख्य व्हिडिओ खेळांचे माप हेच असते. अखेरीस नायक जिवंत उरला आणि शत्रू संपले म्हणजे विजय. परंतु घोडखिंडीचा प्रसंग या मापाने मोजला, तर तो पराभव ठरतो. बाजीप्रभू तेथे पडले. त्यांच्यासोबतचे अनेक जण पडले. शत्रूचे सैन्य नष्ट झाले नाही. त्या लढतीचे माप काळ हे होते. महाराज विशाळगडी पोहोचेपर्यंतचे प्रहर मिळविणे एवढेच साधावयाचे होते आणि ते साधले.

माप बदलले म्हणजे आतापर्यंतचे जवळजवळ सर्व उपाय नव्याने तपासावे लागतात. हानी वाचवावयाची असेल तर मागे सरकत लढणे योग्य. काळ मिळवावयाचा असेल तर मागे टाकलेले प्रत्येक पाऊल म्हणजे शत्रूस दिलेली वाट. हानी वाचवावयाची असेल तर झटपट मरणारा शत्रू आधी; काळ मिळवावयाचा असेल तर जो वाट फोडू शकतो तो आधी, मग त्यास मारण्यास कितीही वेळ लागो. कोपऱ्यास पाठ लावणारा योद्धा पहिल्या मापाने शहाणा ठरतो, तर दुसऱ्या मापाने निरुपयोगी, कारण शत्रू त्यास ओलांडून पुढे जाईल. खिंड मात्र दोन्ही मापांनी उपयुक्त राहते. म्हणूनच तिची निवड झाली.

मराठी इतिहासावर व्हिडिओ खेळ रचू इच्छिणाऱ्यांपुढील खरी अडचण येथे आहे. वेशभूषा, किल्ल्यांची चित्रे आणि शस्त्रांची नावे अचूक असूनही, मारलेल्या शत्रूंच्या संख्येवर गुण देणारा खेळ घोडखिंडीस सामान्य दंगलीचे रूप देईल. खेळाडू मारण्यासाठी खिंड सोडून पुढे धावेल, कारण नियम त्यास तसे करावयास सांगतील. याउलट, टिकून राहिलेला काळ हेच फळ मानणारा आणि नायकाच्या अंतानंतरही विजय मान्य करणारा नियम असेल, तर खेळाडू आपणहून खिंडीच्या तोंडाशी उभा राहील. बाजीप्रभू तेथे का थांबले, हे त्यास निराळे सांगावे लागणार नाही.